मळ्यातला सांभार

(इंझोरी, ता. मानोरा, जि. वाशीम येथे संत सावता महाराज पुण्यतिथीच्या सप्ताहातील कीर्तनाचे निरूपण. ध्वनिमुद्रणावरून.)



आज आषाढ वद्य चतुर्दशी. शके १२१७, म्हणजे इसवी सन १२९५. त्या वर्षी याच तिथीला अरणगावी सावता महाराजांनी देह ठेवला. आज या इंझोरी गावी आपण सगळे त्यांच्या नावानं बसलो आहोत. बाहेर झड लागली आहे. वावरात सोयाबीन हातभर झालं, निंदणाचे दिवस आहेत, मजुराला मजूर मिळत नाही. तरी तुम्ही मांडवात आलात. सावता महाराजांच्या कीर्तनाला हातापायांना माती लागलेली माणसं यावीत, हेच शोभतं.

सेवेसाठी महाराजांचा मळ्यातल्या भाजीपाल्याचा तो प्रसिद्ध अभंग घेतला आहे. टाळकऱ्यांनी चाल म्हटली, तुम्ही मागं म्हटलात. लहान लेकराला पाठ असलेला अभंग, पुस्तकात पुन्हा छापायला नको. त्यात महाराज आपल्या मळ्यातली भाजी मोजतात आणि सगळ्यांत त्यांना हरी दिसतो. त्या यादीत कोथिंबीर आहे. आज मी एवढ्या एका कोथिंबिरीवरच बोलणार आहे. का, ते पुढे सांगतो. त्यात माझाच एक गुन्हा आहे.

आता कोथिंबीर म्हटलं की आपल्या वऱ्हाडात लोक हसतात. आपण तिला सांभार म्हणतो. एकदा पंढरपुरात आमच्या दिंडीतल्या एका बुढीनं भाजीवाल्याला विचारलं, "बापू, सांभार हाय का?" तो म्हणाला, "आजी, पुढच्या हॉटेलात मिळेल, इडलीसोबत." बुढी म्हणाली, "कायले थट्टा करतं बापा, हा काय तुह्या म्होरं पडला!" आणि जुडी उचलून त्याच्या हातात दिली. नाव दोन, जुडी एक. संस्कृतात तिला कुस्तुंबरी म्हणतात, त्यावरून कोथिंबीर आली. बियांना धान्यक म्हणतात, त्यावरून धने आले. पाला सांभार आणि बी धने, झाड एकच. हे सगळ्यांना माहीत असतं असं नाही. शहरातल्या एका शिकलेल्या मुलानं मला विचारलं होतं, "महाराज, धन्याचं झाड केवढं असतं?"

हे झाड फार जुनं आहे, माउली. मिसर देशात तुतनखामेन राजाची कबर १९२२ साली उघडली. तीन हजारांवर वर्षं बंद असलेली कबर. तिच्यात राजासाठी ठेवलेल्या वस्तूंमध्ये धने निघाले. तिकडे राजाच्या कबरीत ठेवले, इकडे धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीपुढे धने-गुळाचा नैवेद्य ठेवतो. धन्वंतरी कोण? औषधाचा देव. त्याच्यापुढे पेढे ठेवत नाही, धने ठेवतो. आपल्या बायाबापड्यांना त्यात औषध आहे हे कळलेलं होतं.

मग औषध आहे तरी किती? नीट ऐका.

चरकाचार्यांनी औषधांचे पन्नास गण सांगितले, एकेका गणात दहा-दहा द्रव्यं. तहान शमवणारा जो गण आहे त्यात धने आहेत. आणि थंडी शमवणारा जो गण आहे, त्यातही धने आहेत. तहान लागली तरी धने, हुडहुडी भरली तरी धने. शार्ङ्गधर संहितेत धन्याचा हिम सांगितला आहे. हिम म्हणजे काय? औषध कुटायचं, त्याच्या सहापट पाण्यात रात्रभर भिजवायचं, सकाळी गाळून घ्यायचं. चूल पेटवायची नाही. असा धन्याचा हिम सकाळी साखर घालून प्यावा, अंगातला दाह आणि तहान कमी होते, असं शार्ङ्गधराचार्य सांगतात. आपल्या आयांनी तो ग्रंथ पाहिला नव्हता. पण वैशाखात उन्हाळी लागली, लघवीला जळजळ झाली, की रात्री दोन चमचे धने ठेचून पेलाभर पाण्यात टाकायच्या आणि सकाळी खडीसाखर घालून द्यायच्या. ग्रंथात तेच, चुलीपाशी तेच.

पोटासाठीही धने आहेत. धने, सुंठ, नागरमोथा, वाळा आणि बेल, या पाचांच्या काढ्याला वैद्य धान्यपंचक म्हणतात. अपचनाच्या जुलाबावर तो देतात. जेवण जड झालं, पोट फुगलं, तर धने-जिऱ्याचं कोमट पाणी घ्या, बरं वाटतं. आपल्या तिखट रश्शात वाटणाला धने लागतात, तेही चवीपुरतेच नाहीत. तिखटाच्या जोडीला थंडावा देणारं काहीतरी हवं, हा जुना हिशेब आहे.

आताचं शास्त्र काय म्हणतं? धन्याचा वास येतो तो त्यातल्या तेलामुळे. क्विंटलभर धन्यातून साधारण किलोभर तेल निघतं, पुष्कळदा त्याहून कमीच. त्या तेलात निम्म्याहून अधिक भाग लिनलूल नावाच्या सुगंधी द्रव्याचा असतो. हे तेल उडून जाणारं आहे. म्हणून धने अख्खे ठेवावेत, लागतील तसे भाजून कुटावेत. वर्षाची पूड एकदम करून ठेवली की डबा उघडल्यावर रंग दिसतो, वास गेलेला असतो. पाल्याचंही तसंच. वरण उतरवल्यावर वरून सांभार घाला, उकळीत घालू नका. काड्या फेकू नका, वास काडीतही असतो. पाल्यात क जीवनसत्त्व आहे, डोळ्यांना लागणाऱ्या अ जीवनसत्त्वाचं मूळ द्रव्य आहे, आणि रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्व भरपूर आहे. हे के लक्षात ठेवा, त्याच्याशी पुन्हा काम आहे.

आणखी एक. घरात नवी सून आली आणि म्हणाली, "मले सांभार नको, साबणासारखा वास येते," तर तिला नखरेल म्हणू नका, सासूबाई. काही माणसांना जन्मतःच तो वास साबणासारखा येतो. पाल्यातल्या वासाची काही द्रव्यं आणि साबणाच्या वासाची द्रव्यं एकाच कुळातली आहेत. तिचं नाक खरं सांगतं. तिच्या वाटीत घालू नका, झालं.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या. आता माझा गुन्हा सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचं नाव घेत नाही. असाच सप्ताह, असाच भरलेला मांडव, याच अभंगावर निरूपण. रंग चांगला भरला होता. रंग भरला की कीर्तनकाराची जीभ सैल सुटते, माउली, हे मी माझ्याच अनुभवानं सांगतो. लोक टाळ्या देत होते आणि मी बोलून गेलो, "रोज सकाळी धन्याचं पाणी प्या, शुगर गावाबाहेर पळते! गोळ्यांची गरजच काय? सावतोबाच्या मळ्यात दवाखाना आहे!" मोठी टाळी पडली. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी काला झाला, नारळ आणि बिदागी घेऊन मी पुढच्या गावाला गेलो.

पुढच्या वर्षी त्याच गावी गेलो. तिथले विणेकरी बाबा, सत्तरीच्या पुढचे. सात दिवस वीणा खाली न ठेवणारा माणूस. पाहतो तर ते खुर्चीवर बसलेले, बाजूला काठी, उजव्या पायाला पट्टी. दोन बोटं काढलेली. मी विचारलं, "बाबा, हे काय झालं?" बाबा हसले. म्हणाले, "काई नाई महाराज. तुमी सांगतलं होतं ना, धन्याचं पानी. मी पेलो. रोज पेलो. गोया बंद केल्या. मंग पायाले जखम झाली, ते काई भरे ना." आणि एवढं बोलून त्या माणसानं वाकून माझ्या पायांना हात लावला.

मला राग आलेला चालला असता. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. पण तो माणूस माझ्या पाया पडला, कारण त्याच्या लेखी मी व्यासपीठावरचा माणूस. गळ्यात तुळशीची माळ, हातात टाळ, तोंडात संतांचं नाव. मी जे बोललो ते त्यानं माझं बोलणं म्हणून घेतलं नाही, सावता महाराजांचं म्हणून घेतलं.

बाबांची सून चहा घेऊन आली. कप खाली ठेवला आणि उभी राहिली. म्हणाली, "महाराज, रागावू नका. तुमी देवाचं सांगा, आमी आयकू. पन औषधाचं सांगान तर पुरं सांगा. नाई तर सांगू नका."

माउली, मी लहानपणी आळंदीला शिकलो. गुरुजींच्या पायाशी बसून ज्ञानेश्वरी वाचली. पण या माउलीनं चहाचा कप ठेवता ठेवता जे शिकवलं ते माझ्याकडून राहून गेलं होतं. तेव्हापासून मी धन्याचं बोलतो तेव्हा पुरं बोलतो. आज या मांडवात तेच करतो आहे.

पुरं म्हणजे काय? धने आणि साखर यांचा संबंध अगदीच खोटा आहे असंही नाही. १९९९ साली एक प्रयोग छापून आला, मधुमेह झालेल्या उंदरांना धने दिले, त्यांची साखर उतरली. पण तो उंदीर होता, माउली. मी व्यासपीठावरून सांगितलं ते माणसाला. उंदराच्या पिंजऱ्यापासून विणेकरी बाबांच्या पायापर्यंत फार मोठी वाट आहे, आणि ती वाट मी एका टाळीसाठी एका उडीत ओलांडली. गोळीत औषध मोजून घातलेलं असतं. मूठभर धन्यात किती उतरलं ते कोण मोजणार? या वावरातला धना वेगळा, त्या वावरातला वेगळा, जुना वेगळा, नवा वेगळा. म्हणून शुगरच्या माणसानं धन्याचं पाणी प्यायचं तर खुशाल प्यावं, बिनसाखरेचं प्यावं, पण गोळी चालू ठेवून, आणि डॉक्टरांच्या कानावर घालून. गोळी कमी करायची की नाही हे रक्त तपासून डॉक्टर ठरवतील. ते मी ठरवायचं नाही, शेजाऱ्यानं ठरवायचं नाही, मोबाइलवर आलेल्या मजकुरानं तर मुळीच नाही. आणि शुगरच्या माणसानं रोज रात्री आपले तळपाय पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर नातवाला दाखवावेत. शुगरमध्ये पाय बधिर होतो, काटा मोडला तरी कळत नाही.

के जीवनसत्त्व लक्षात ठेवा म्हटलं होतं. ज्यांना हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी चालू आहे, त्यांनी सांभाराच्या जुड्यांचा रस काढून प्यायचा नाही. आज पेलाभर, उद्या काही नाही, असं केलं की गोळीचा हिशेब चुकतो. भाजीवर रोज घालता तेवढा घाला, कमी-जास्त करू नका.

कुणाला धन्यानं अंगावर पित्तासारख्या गांधी उठतात, तोंड सुजतं. असं झालं तर ते झाड त्याचं नाही, सोडून द्यावं. डोळे आले म्हणून कुणी धन्याचं पाणी डोळ्यांत घालतात. घालू नका. घरच्या पाण्यात काय असेल सांगता येत नाही, आणि डोळा दुसरा मिळत नाही. उन्हाळीवर धन्याचं पाणी चालतं, पण जळजळीबरोबर ताप आला, कंबर दुखली, लघवीतून रक्त दिसलं, तर तो धन्याचा विषय राहिला नाही. दवाखाना गाठावा.

आता हे दिवस पावसाचे. विहिरीला, नळाला गढूळ पाणी. सांभार हा जमिनीलगतचा पाला, त्यावर चिखल उडतो आणि आपण तो कच्चा खातो. म्हणून मुळं कापून जुडी सोडवा, दोन-तीन पाण्यांतून खळबळून घ्या, शेवटचं पाणी पिण्याचं असू द्या. पंगतीत वाढणाऱ्यांनो, तुम्हाला हे पहिलं सांगणं. शेकडो लोकांच्या वरणावर पडणारा सांभार कुणी धुतला, हे प्रसाद करणाऱ्याला माहीत असलं पाहिजे.

आणि लेकराला हगवण लागली तर? आजी धन्याचं पाणी द्यायला धावते. आजी, तुमची माया खरी आहे. पण हगवणीत लेकराच्या अंगातलं पाणी जातं आणि मीठही जातं. धन्याच्या पाण्यात मीठ नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी घ्या, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला, ढवळा, आणि घोट घोट पाजत राहा. आशाताईकडे ओआरएसची पुडी मिळते, ती त्याहून बरी. झिंकच्या गोळ्याही मिळतात, त्या चौदा दिवस द्यायच्या असतात, जुलाब थांबले म्हणून मधेच सोडायच्या नाहीत. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. लेकराचे डोळे खोल गेले, ते मलूल पडलं, लघवी होईना, शौचाला रक्त आलं, तर घरात एक क्षण थांबायचं नाही.

कुणी म्हणेल, महाराज, हे कीर्तन आहे की दवाखाना? देव कुठं राहिला? इथंच येतो आता देव.

सावता महाराजांचं चरित्र आठवा. जन्म १२५० चा, अरणचा. जात माळ्याची, काम मळ्याचं. अरणपासून पंढरपूर लांब नाही, पण महाराज वारीला गेल्याचं परंपरा सांगत नाही. खुरपणं, पाणी देणं, मोट हाकणं, हीच त्यांची पूजा. आणि देव काय करतो? देव मळ्यात येतो. ज्ञानोबा-नामदेवांच्या सोबत आलेला पांडुरंग सावतोबाच्या छातीत लपून बसला, ही कथा तुम्ही दर साल ऐकता. आजही पंढरपुरातून देवाची पालखी अरणला जाते. बाकी संतांच्या पालख्या देवाकडे येतात, इथं देव भक्ताकडे जातो. का जातो?

मला माझ्या अल्पमतीनं असं वाटतं. महाराजांनी भाजीत हरी पाहिला, पण भाजीबद्दल एक शब्द वाढवून सांगितला नाही. त्यांचे सदतीस अभंग आज आपल्याला मिळतात, ते काशिबा गुरवांनी लिहून घेतले म्हणून. त्यांत माळ्यानं आपल्या मालाची जाहिरात कुठं केली आहे? मुळा मुळाच, कोथिंबीर कोथिंबीरच, आणि जशी आहे तशीच ती हरी आहे. तिला हरी म्हणायला ती संजीवनी असावी लागत नाही. मी मात्र तिला संजीवनी केलं. मला वाटलं मी तिचा मान वाढवला. खरं तर जशी देवानं केली तशी ती मला पुरेशी वाटली नाही. हा अविश्वास झाला, माउली.

आणि खोटेपणा तो खोटेपणाच, तो देवाच्या नावानं बोलला म्हणून सोवळा होत नाही. उलट ऐकणारा बेसावध असतो. बाजारात कुणी बाटली विकत असेल तर आपण चार प्रश्न विचारतो. मांडवात कुणी प्रश्न विचारत नाही, हात जोडून ऐकतो. म्हणून बोलणाऱ्यावर भार दुप्पट.

जाता जाता एक शेतीचा दृष्टांत घ्या. धना पेरणारे इथं पुष्कळ आहेत. धना तसाच अख्खा टाकत नाहीत. का? दिसायला तो एक दाणा, पण आत दोन बिया असतात. म्हणून पोत्यावर पसरून चपलेनं रगडतात, दोन डाळ्या वेगळ्या होतात, मग भिजवून पेरतात. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतो, चाळीस दिवसांत जुडी निघते. ऊन जास्त झालं तर पाला धरण्याआधीच फुलावर येतो. ऐकलेल्या गोष्टीचंही असंच करा. महाराज बोलले ते एक दिसतं, पण आत दोन असतात, एक देवाचं आणि एक महाराजांचं. घरी नेऊन रगडा. वेगळं करा. देवाचं तेवढं पेरा. माझं दिसलं तर टाकून द्या, मला वाईट वाटणार नाही.

हे पुस्तक हातात घेऊन वाचणाऱ्या माउली, तू मांडवात नव्हतीस, तुला मी पाहिलेलं नाही. तुझ्याकडे एकच मागणं आहे. आज रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बस आणि विचार, "बाबा, गोळ्या घेता ना? कुणाचं ऐकून बंद तर नाही केल्या?" पुष्कळ म्हातारी माणसं सांगत नाहीत, लाजतात, किंवा गोळ्यांना पैसे पडतात म्हणून गप्प राहतात. केल्या असतील बंद तर उद्या त्यांना घेऊन दवाखान्यात जा. मग परत येऊन त्यांच्या वरणावर मूठभर ताजा सांभार घाल. म्हाताऱ्या माणसाला वासानं घास जातो. ते त्या सांभाराचं खरं काम आहे आणि ते तो चोख करतो.

विणेकरी बाबा मागच्या सप्ताहातही खुर्चीवर बसून वीणा धरून होते. गोळ्या वेळेवर घेतात, सून मोजून देते. सकाळी धन्याचं पाणीही पितात, बिनसाखरेचं. मी म्हटलं, "बाबा, अजून पिता?" म्हणाले, "चव लागली न महाराज आता."

पांडुरंगा, या जिभेकडून जे खरं बोललं गेलं ते तुझं, जे चुकलं ते माझं. ही सेवा सावता महाराजांच्या चरणी अर्पण.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, संत सावता महाराज की जय.